तुंब्याचा कोळसा

दर शनिवारी संध्याकाळी किमोसोप आपले पळण्याचे बूट दाराबाहेर काढून ठेवायचा. आणि दर रविवारी चर्चहून आल्या आल्या त्याची आई जेसांग ते दोन बोटांत धरून, हात होईल तेवढा लांब करून, अंगणाच्या टोकाला पाण्याच्या बादलीपाशी न्यायची. जाताना तोंडाचा पट्टा चालू.

"हे बूट आहेत की मेलेली घूस? अरे, कुत्रंसुद्धा तोंड लावायच्या आधी दोनदा विचार करेल!"

कुंपणापलीकडची सालोमे हे ऐकण्यासाठीच जणू त्या वेळेला भांडी घासायला बाहेर बसायची. "सव्वीस वर्षांचा घोडा झाला, आणि अजून आई बूट धुते," ती म्हणायची. "लग्न झाल्यावर सूनबाईला काय सांगणार आहेस? बूट माझे, नवरा तुझा?"

"तुझी लेक नेली स्वतःचे बूट स्वतः धुते ना? म्हणून तर तुमच्याकडे पाहुणा टिकत नाही," जेसांगही ऐकून घेणारी नव्हती.

इटेन गावात पळणारं पोर नाही असं घर शोधून सापडायचं नाही. त्यामुळे रविवारी दुपारी गावभर हेच चाललेलं असायचं. ब्रशांचा खरखराट, साबणाचं लाल पाणी, आणि कुंपणाकुंपणांवर जिभा बाहेर काढून उलटे टांगलेले बूट. पोरं आपापले बूट आपणच धुवायची. जेसांगचं मात्र वेगळं होतं, आणि त्याला कारण होतं.

किमोसोप लहानपणी अनवाणी पळायचा. अठराव्या वर्षी त्याला पहिले बूट मिळाले, तेही बाजारातल्या जुन्या ढिगातले, कुठल्याशा थंड देशातल्या माणसानं वापरून टाकलेले. जेसांगनं ते हुंगले तर आत परक्या माणसाचा वास. तिला ते काही सोसेना. आपलं पोर दुसऱ्याच्या घामात पाय घालणार? तिनं ते तीनदा धुतले, तरी वास जाईना. महिनाभर किमोसोप त्यांत पळला, आणि एका रविवारी बूट हातात घेतले तर तो परका वास नव्हता. घाण होती, भयंकर होती, पण घरची होती. त्या दिवसापासून बूट धुण्याचं काम तिनं कोणाला दिलं नाही. शिव्या देत धुवायची, पण आठवडाभरातलं तिचं सगळ्यात आवडतं काम तेच होतं, हे सालोमेलाही ठाऊक होतं.

घरात ही दोघंच. नवरा वारून नऊ वर्षं झालेली. दोन गायी, मक्याचा तुकडा, आणि चुलीच्या वर खुंटीला टांगलेला, वाळक्या भोपळ्याचा एक तुंबा.

तो तुंबा जेसांगच्या आईचा. गळ्याशी मण्यांची पट्टी होती, बुडाला एक जुनी चीर चामड्यानं शिवलेली. रोजच्या दुधाचे तुंबे वेगळे, हा वेगळा. यात दूध मुरायला घालायचं ते परत येणाऱ्यासाठी. गावातलं कोणी परदेशात शर्यत जिंकून आलं की घरचे विमानतळावर जातात, आणि पोराच्या ओठाला आधी तुंबा लागतो, मग फुलांचा हार, मग फोटोवाले. सालोमेच्या थोरल्या भावाला असंच दूध पाजलं होतं. त्या गोष्टीला अठरा वर्षं झाली, तरी सालोमे ती काल घडल्यासारखी सांगायची.

चार वर्षांपूर्वी शर्यतींना पोरं नेणारा एक परदेशी एजंट किमोसोपची वेळ घड्याळात बघून गेला आणि म्हणाला, अजून दोन मिनिटं कमी कर, मग नेतो. त्या दिवशी जेसांगनं तुंबा खाली काढला. सेनेत्वेतच्या झाडाची काटकी विस्तवात लालभडक करून तुंब्यात फिरवली, आत कोळसा घोटला, दूध भरलं. बोलावणं काय, कधीही येईल, आणि मुरलेलं दूध एका रात्रीत होत नाही. दूध फार आंबलं की ती ते आल्यागेल्याला वाटून टाकायची, तुंबा धुऊन, कोळसा घोटून पुन्हा भरायची. चार वर्षांत त्या तुंब्यातलं दूध गल्लीतल्या पोरासोरांनी प्यायलं, पाद्रीबाबांनी प्यायलं, गाय बघायला आलेल्या ढोरवैद्यानंही प्यायलं. किमोसोपला मात्र एक घोट मिळाला नव्हता. त्याचा घोट विमानतळावरचा.

नोव्हेंबरातली गोष्ट. एका शनिवारी बूट दाराबाहेर ठेवता ठेवता किमोसोप म्हणाला, "आई, तुंब्यात घोटतेस तो कोळसा जरा बुटांत घालून बघ ना. दुधाचा कुबट वास जातो, तर पायांचा जाणार नाही का?"

"तुझी आजी असती तर थोबाड फोडलं असतं तुझं," जेसांग म्हणाली. "दुधाचं औषध पायाला?"

पण कल्पना डोक्यात बसली. तिनं कोळसा कुटला, जुन्या चादरीच्या चिंध्यांत दोन पुरचुंड्या बांधल्या आणि धुऊन वाळवलेल्या बुटांत कोंबून ठेवल्या. पुढच्या रविवारी भीत भीत नाक नेलं. वास नाही! पुन्हा हुंगलं. माती, थोडा साबण, थोडा धूर. बस.

"सालोमे! ए सालोमे! इकडे ये!"

सालोमेनं कुंपणावरून नाक खुपसलं, आणि दोनदा हुंगून कबूल केलं, वास नाही. त्या दिवसापासून जेसांगचे पाय जमिनीवर नव्हते. विहिरीवर, चर्चच्या पायऱ्यांवर, दूध घालायच्या रांगेत, जिथं जाईल तिथं कोळशाची कथा. किमोसोपही म्हणायचा, "कमाल आहे आई तुझी." म्हणायचा आणि ताटात बघायचा. पोर जरा गप्प झालंय, हे तिला दिसत होतं. पण पळणारी पोरं शर्यत जवळ आली की गप्पच होतात, असं तिनं मनाला समजावलं.

डिसेंबर संपला, जानेवारी लागला. पाऊस कधीच थांबला होता. रस्त्यावर घोटाभर लाल धूळ. आणि एक दिवस सालोमे नेलीचे बूट घेऊन आली.

"घे. दाखव तुझी जादू. घरात बसवत नाही ग. काल पाहुणे आले होते, मी बकरीवर ढकललं."

जेसांगनं नेलीचे बूट धुतले, वाळवले, पुरचुंड्या कोंबल्या. आठवड्यानं नेलीनं पुन्हा आणून दिले. घाण तशीच. जेसांगनं नवी काटकी जाळली, कोळसा दुप्पट केला. तरी तेच. मागच्या गल्लीतल्या बाईनं आपल्या दोन मुलांचे बूट आणले होते, त्यांचंही तेच.

"तुझा कोळसा पोराचा पक्ष घेतो ग," सालोमे हसत म्हणाली. "बाकीच्यांच्या पायाला लागूच पडत नाही."

जेसांगही हसली. पण त्या रविवारी दुपारी ती बादलीशी एकटी बसली, नेलीचा बूट एका मांडीवर आणि किमोसोपचा दुसऱ्या मांडीवर घेऊन. आधी हा हुंगला, मग तो. मग बोटं आत घातली.

नेलीच्या बुटाच्या तळव्यात पाच बोटांचे पाच खळगे होते, काळे आणि चिकट. कडेनं घाम वाळून मिठाची पांढरी रेघ आली होती. टाचेत लाल धूळ इतकी की नखात भरली. आतलं सगळं ओलसर, जिवंत. किमोसोपच्या बुटाला बाहेरून चिखल होता, जाड, थापलेला. आत काहीच नव्हतं. जुने खळगे वाळून कडक झालेले. मिठाची रेघ नाही. टाचेत धूळ नाही.

आणि चिखल? या दिवसांत चिखल कुठून आला?

तिनं तो प्रश्न आधी कधी विचारला नव्हता असं नाही. खाली ओढ्याकाठानं पळत असेल, असं उत्तर तिनं स्वतःच देऊन टाकलं होतं. आईला पटायचं असेल तर काय वाट्टेल ते पटतं. पण आता बोटं सांगत होती ते नाक आणि डोळे दोघांना मिळूनही खोडता येत नव्हतं. या बुटांत कोणी पळत नव्हतं. कोळशानं काहीच केलं नव्हतं. जायला वासच नव्हता.

सोमवारी पहाटे किमोसोप बाहेर पडला तशी ती शाल गुंडाळून मागे निघाली. तांबडं फुटत होतं. मोठ्या रस्त्याशी पोचण्याआधी तो निलगिरीच्या झाडामागे थांबला. इतक्यात पळणाऱ्यांची टोळी आली. तीस-चाळीस पोरं, पायांचा तो एकच ठेका, तोंडातून वाफा. ती गेली, धूळ खाली बसली, तरी तो झाडाला हात लावून तसाच उभा. मग चालत, अगदी म्हाताऱ्यासारखा सावकाश चालत, ओढ्यावर गेला. दगडावर बसला. तासभर नुसता बसून होता. मग त्यानं बूट काढले, पाण्यात हात बुडवले, काठावरची माती कालवली आणि ती बुटांना लावू लागला. आधी टाचेला, मग कडेला, मग नाडीवर थोडे शिंतोडे. मान तिरकी करून बघायचा, पुन्हा थोडी लावायचा. लहान पोर मातीची गाय करतं तितक्या मन लावून.

जेसांगला वाटलं, धावत जावं आणि विचारावं. पण ती आल्या वाटेनं परत गेली, चूल पेटवली, चहात दूध जास्त घातलं. तो आला, "आज लांब गेलो होतो," म्हणाला. तिनं चहा पुढे केला. तो आठवडा तिनं कसा काढला ते तिचं तिला माहीत. तो सांगेल म्हणून ती रोज वाट बघत होती. पळण्याला कंटाळलेला, दारूला लागलेला, पोरीपायी खुळावलेला, सगळे प्रकार तिनं मनात उलटेपालटे करून पाहिले. त्या प्रत्येकाला तिच्याकडे शिवी तयार होती. पण झाडाला धरलेला तो हात आठवला की शिवी गळ्यातच राहायची.

रविवार आला. बूट दाराबाहेर होते, चिखल लावलेले. आणि कुंपणापलीकडे सालोमे भांडी न घासता नुसतीच उभी होती.

"किमोसोपची आई," ती म्हणाली. थट्टेत नसली की ती अशी हाक मारायची. "एक विचारू? नेली म्हणते, किमोसोप टोळीत दिसत नाही. त्यानं सांगितलंय, दुसऱ्या टोळीबरोबर खाली दरीत पळतो. पण दरीतल्या टोळीतला मुलगा म्हणतो, आमच्यात नाही. आणि तुझा तो कोळसा... काल रात्री माझ्या मनात आलं..."

"काय आलं?"

"काही नाही. दे बघू त्याचा बूट जरा इकडे."

तिनं हात पुढे केला. जेसांगच्या हातात बूट होता. दाराआड किमोसोप उभा होता, हे तिला न बघताच कळत होतं. दार इतकं पातळ, की त्याचा श्वासही ऐकू यावा. सालोमे वाईट नव्हती. पण सालोमेच्या नाकाला कळलं की संध्याकाळपर्यंत अख्ख्या इटेनला कळणार होतं.

जेसांगनं बूट नाकाशी नेला आणि एकदम तोंड वाकडं केलं.

"अगं बाई ग! मेले रे मेले!" ती ओरडली, पूर्वीपेक्षाही मोठ्यानं. "हे बूट आहेत की मेलेली घूस! कोळशाचं काही खरं नाही हो, नव्याचे नऊ दिवस! अरे किमोसोप, किती पळतोस रे मेल्या! मारशील मला!"

आणि सालोमेचा हात पोचायच्या आत तिनं दोन्ही बूट बादलीत दाबले. पाणी लाल झालं. ती ब्रश घेऊन घासत सुटली आणि शिव्या देत सुटली. सालोमे क्षणभर तिच्या तोंडाकडे बघत राहिली, मग आपल्या दाराकडे वळली.

जेसांगनं हात पुसले, घरात आली. किमोसोप भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसला होता. गुडघ्यांत डोकं.

"आई, बुटांना वास येत नाही."

"मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"मागच्या रविवारपासून. सोमवारी ओढ्यावर आले होते." ती त्याच्या समोर बसली. "आता सांग. काहीही असो. सांग."

त्यानं सांगितलं. ऑक्टोबराच्या शेवटी टेकडीवर पळताना डोळ्यांपुढे अंधार आला आणि तो पडला. टोळीतल्या पोरांना त्यानं सांगितलं, पोटात काही नव्हतं म्हणून. नंतर एकटाच एल्डोरेट शहरात जाऊन इस्पितळात तपासून घेऊन आला. ज्या दिवशी आईला पासपोर्टच्या कागदांसाठी जातो म्हणाला होता, तो दिवस. डॉक्टरबाईंनी पडद्यावर त्याचं हृदय दाखवलं. एका बाजूची भिंत जाड झालेली. जन्मापासूनची असावी. बाई चांगल्या होत्या, त्यांनी पाणी दिलं आणि मग सांगितलं, चालत राहा, काम कर, लग्न कर, म्हातारा हो. पण पळू नकोस. पळालास तर एक दिवस पळता पळताच जाशील.

"तीन महिने?" जेसांग म्हणाली. "तीन महिने एकट्यानं पोटात ठेवलंस? माझ्यापासून?"

"तू रोज तुंबा पुसतेस," तो म्हणाला. "मी झोपलोय असं समजून त्याच्याशी बोलतेस. काय सांगणार होतो मी?" मग त्याला रडू फुटलं. "मला दुसरं काही येत नाही ग, आई. पळण्याशिवाय काही येतच नाही. सकाळी टोळी जाते तेव्हा पाय आपोआप हलतात. मी झाडाला धरून उभा राहतो."

जेसांगला वाटलं होतं, खरं कळलं की ओरडता तरी येईल. आता ओरडायचं कोणावर? आपण त्याला शाळेत पळत जाताना बघून टाळ्या वाजवत होतो, तेव्हाही ती भिंत आत जाड होत होती. आपण बुटांच्या वासाचा अभिमान धरत होतो, तेव्हाही. तिनं त्याचं डोकं छातीशी धरलं. केसांना धूर आणि साबणाचा वास होता. घामाचा नव्हता. तीन महिन्यांत तिच्या घरातून घामाचा वास गेला होता, आणि ती गावभर त्याचीच फुशारकी मारत हिंडली होती. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की ती मोठ्यानं रडली.

मग ती उठली. चुलीवरचा तुंबा काढला.

"नको, आई," किमोसोप म्हणाला. "तो नको. मी कुठून आलोय? मी कुठं गेलोच नाही."

"गप." तिनं तुंबा हलवला, झाकण काढलं. कोळशाचा निळसर रंग घेतलेलं दूध. "हे परत आलेल्याला पाजतात. जिंकलेल्याला पाजतात असं मला तरी कोणी शिकवलं नाही. तू त्या टेकडीवर पडलास. पडून राहिला असतास तर? मी काय करणार होते या दुधाचं? त्या टेकडीवरून तू घरी चालत आलास. आणि मी तुला चहा दिला."

तिनं दोन्ही हातांनी तुंबा त्याच्या ओठाला लावला. तो प्यायला. चार वर्षं गल्लीनं प्यायलेलं दूध त्यानं पहिल्यांदा चाखलं. आंबट होतं. हनुवटीवरून ओघळलं ते तिनं हातानं पुसलं.

थोड्या वेळानं तो म्हणाला, "लोकांना तू सांग. मला नाही जमायचं."

"सांगते."

ती बाहेर आली तेव्हा ऊन उतरलं होतं. कुंपणाकुंपणांवर बूट वाळत होते. तिनं बादलीतले बूट पिळून काढले, नाड्या बांधल्या आणि नेहमीच्या जागी टांगले. सालोमे पलीकडे उभीच होती. ती खरं तर आत गेलीच नव्हती, दाराशीच थांबली होती.

"सालोमे," जेसांग म्हणाली, "मघाशी खोटं बोलले मी. त्या बुटांना वास नाही. तीन महिने झाले, नाही. माझा किमोसोप आता पळणार नाही. कधीच नाही. त्याचं हृदय..."

सालोमे कुंपण धरून उभी राहिली. तिच्या दाराशी नेलीचे बूट होते, सकाळी डोंगर चढून उतरून आलेले, अजून ओले. त्यांचा वास वाऱ्यावर इकडे येत होता. सालोमेनं मागे वळून त्यांच्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा अपराध्यासारखा झाला.

"किमोसोपची आई," ती अगदी हळू म्हणाली, जणू माफीच मागत होती, "माझ्या नेलीचे बूट अजून फार घाण मारतात ग."

"मारू देत," जेसांग म्हणाली. डोळे पुसायचं तिला भान नव्हतं. तिनं कुंपणावरून हात पुढे केला. "देव करो नि खूप वर्षं मारू देत. आण ते इकडे. मी धुते."